मास्तरांच्या ॲम्प्लिफायरमधली शिट्टी

अप्पांनी आपणहून फोन करून बोलावलं, तेव्हाच लेकीला कळलं की प्रकरण हाताबाहेर गेलंय. चाळीस वर्षं लोकांचे रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा हा माणूस आपल्या टेबलाला कुणाला हात लावू देत नसे. ती लिफ्टच्या कंपनीत कंट्रोल पॅनेल दुरुस्त करायची, आणि "लिफ्टवाल्यांना आवाजातलं काय कळतंय?" हे तिने त्यांच्याच तोंडून शंभरदा ऐकलं होतं.

घराच्या पुढच्या खोलीतच दुकान होतं. तिथल्या टेबलावर संगीताच्या मास्तरांचा जुना ॲम्प्लिफायर उघडा पडला होता. मास्तर म्हणजे अप्पांचे तीस वर्षांचे दोस्त; त्यांची बायको याच ॲम्प्लिफायरवर गाणी ऐकायची. मध्यंतरी त्यातला ट्रान्सफॉर्मर तापायला लागला, म्हणून अप्पांनी जुना पॉवर सप्लाय काढून नवीन, हलका, तयार मिळतो तो बसवला होता.

"चालू केला की टिकटिक करतो आणि मान टाकतो," अप्पा म्हणाले. "जोर कमी पडायला नको म्हणून परवा कपॅसिटर वाढवले, तेव्हापासून."

तिने आत डोकावून पाहिलं. डब्याएवढे चार कपॅसिटर दाटीवाटीने बसवले होते.

"अप्पा, हे एवढे सगळे भरायला गेला की नव्या सप्लायला वाटतं शॉर्ट झालाय. मग बंद होतो, पुन्हा चालू होतो, पुन्हा बंद."

"असं होय!" अप्पांनी कपाळावर हात मारला. "म्हणजे खायला घालून घालून मीच आजारी पाडला."

तिने जादाचे कपॅसिटर काढले, आधी बल्ब सिरीजमध्ये लावून कुठे शॉर्ट नाही ना हे तपासलं, मग स्पीकर जोडून बटण दाबलं. ॲम्प्लिफायर सुरू झाला, आणि स्पीकरमधून सुईसारखी बारीक शिट्टी थेट कानात घुसली. तिचा हात आपोआप कानावर गेला. अप्पा मात्र स्पीकरला गाल लावून हसत होते.

"बघ कसा गप्प आहे! टाचणी पडली तरी ऐकू येईल."

दारात आई उभी होती. तिने लेकीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. लेक तिच्यामागे स्वयंपाकघरात गेली.

"तुला माहीत होतं?"

"दारावरची बेलसुद्धा कळत नाही त्यांना. मी काही बोलले तर म्हणतात, तू पुटपुटतेस." आईने ओटा पुसायला घेतला. "मास्तर दोनदा आले होते गं. शिट्टी वाजते म्हणाले. दुसऱ्या वेळी हे चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, 'मास्तर, आधी कान तपासून घ्या.' मास्तर ते यंत्र तसंच टाकून गेले, ते आजतागायत फिरकले नाहीत."

लेक बाहेर आली. तोंडाने सांगायचा धीर होईना. तिने कोपऱ्यातला, आवाजाची लाट पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप ओढला आणि त्याची वायर स्पीकरच्या टोकांना लावली. पडद्यावर हिरवी लाट उमटली. अप्पांनी सवयीने चष्मा सारखा केला, चौकोन मोजले आणि मध्येच थांबले.

"हे ऐकू येतंय तुला?"

"हो."

"आत्ता?"

"हो, अप्पा."

त्यांनी दाराकडे पाहिलं. आईनेही मान हलवली. अप्पांनी बटण बंद केलं. खोली एकदम निवांत झाली. त्यांना मात्र काहीच फरक कळला नाही.

 मग शिट्टी नव्या सप्लायचीच आहे हे ओळखून त्यांनी माळ्यावरून जुना पॉवर सप्लाय काढला. लेकीने मीटर लावला, तर ट्रान्सफॉर्मर बिचारा ठणठणीत होता. गळत होते ते जुने कपॅसिटर, त्यांच्यामुळेच तो तापत होता. तेवढेच बदलायचे होते. सोल्डरिंगचे डाग अप्पांनी स्वतः दिले. हात अजून तसाच सफाईदार होता. या वेळी पडद्यावर सरळ रेघ आली.

संध्याकाळी दोघं मास्तरांच्या दाराशी उभे राहिले. अप्पांनी जिना चढताना वाक्य घोकलं होतं.

"मास्तर, चूक माझी. कान माझेच गेलेत. शिट्टी काढली, बघा. वहिनींना म्हणावं, आता खुशाल ऐका."

मास्तर हळू काहीतरी बोलले.

"काय?" अप्पांनी कान पुढे केला.

मास्तरांचे ओठ हलले, पण दुसऱ्यांदा त्यांच्याने बोलवेना. त्यांनी लेकीकडे पाहिलं.

"काकू गेल्या, अप्पा!" ती जिन्यात ओरडली. "दोन महिने झाले!" समोरचं दार उघडलं, कुणीतरी डोकावलं आणि दार पुन्हा लागलं.

मास्तरांनी त्यांना आत नेलं. कुणालाच कळवलं नव्हतं, म्हणाले. शेवटचे सहा महिने त्या अंथरुणालाच खिळल्या होत्या, गाणं तेवढं मागायच्या. शिट्टीने त्यांचं डोकं उठायचं, म्हणून मास्तर दोनदा धावत आले होते. 

"काय म्हणतायत?" अप्पांनी विचारलं.

हे सांगावं की गिळावं, तिला कळेना. पण घरात सगळे गप्प राहिले म्हणूनच ही वेळ आली होती. ती त्यांच्या कानाशी वाकली आणि शब्दन् शब्द सांगितला. अप्पा मांडीवरचा ॲम्प्लिफायर दोन्ही हातांनी धरून बसले. मास्तरांनी तो हळूच काढून घेतला, कपाटावर ठेवला, पण वायर लावली नाही.

पुढच्या आठवड्यात अप्पांनी दुकानाची पाटी स्वतः उतरवली. कानाचं मशीन आलं. आईचं बोलणं कळायला लागलं; गाणं मात्र पत्र्यासारखं वाजतं म्हणतात. मास्तरांकडे ते अधूनमधून जातात. ॲम्प्लिफायर कधी लावता का, हे त्यांनी अजून विचारलेलं नाही.