कोमोए नदीपलीकडची पितळेची बाई

मी पितळेची बाई बोलतेय. उंची विचाराल तर तुमच्या करंगळीच्या दोन पेरांएवढी. डोक्यावर गाठोडं आणि पाठीला बांधलेलं पोर. म्हणजे पोर होतं, गेल्या महिन्यापर्यंत. आता तिथं छिन्नीची चकचकीत खूण आहे. ते कसं गेलं ते सांगणारच आहे, पण मला घाई आहे. समोर भट्टी पेटवायची तयारी चालली आहे आणि ती माझ्यासाठीच आहे.

घाबरलेय का? हो, घाबरलेय. उगीच मोठेपणा कशाला करू!

हे घर सांगली जिल्ह्यातलं, विट्याजवळच्या एका गावातलं. माझं माहेर मात्र लांब, आफ्रिकेच्या पश्चिमेला, आयव्हरी कोस्ट नावाच्या देशात. तिथल्या बाउले लोकांची मी. सोन्याची धूळ तोलायला आमच्याकडं पितळेची वजनं ओतायचे. एका पारड्यात धूळ, दुसऱ्यात मी. तुमच्याकडं सोनार गुंजा वापरायचे ना, तसंच. फक्त तुमची गुंज बिचारी मुकाट बसायची, आणि आमच्यातल्या एकेका वजनाला एकेक गोष्ट असायची. कुणी मगर, कुणी ढाल, कुणी नुसता मासा. माझ्या वाट्याला आमच्या लोकांच्या निघण्याची गोष्ट आली.

बाउले मूळचे कुठले? दोन म्हातारे समोरासमोर बसवा आणि विचारा, दिवस मावळला तरी वाद मिटायचा नाही. एक म्हणतो, उत्तरेकडून आलो, रान संपून वाळू लागते तिकडून. दुसरा म्हणतो, छट्, आपले पूर्वज जमिनीच्या भोकातून वर आले. मी दोघांचंही ऐकून घेते. म्हाताऱ्या माणसाला खोटं पाडून कुणाचं भलं झालंय?

पुढचं मात्र सगळ्यांना कबूल आहे. आमचे लोक पूर्वेकडच्या दाट रानात, अशांती नावाच्या लोकांच्या राज्यात राहत होते. सोनं होतं, खाऊनपिऊन सुखी होते. मग राजा गेला आणि गादीवरून भाऊबंदकी पेटली. भाऊबंदकी म्हणजे काय हे तुम्हाला मी शिकवायला नको. एका राणीचा भाऊ त्यात मारला गेला, आणि ती हाताला येतील ती माणसं घेऊन पश्चिमेकडं निघाली. पाठीमागं सैन्य. पुढं कोमोए नदी, दुथडी भरून.

जाणत्यानं कौल लावला. नदी म्हणाली, तुमच्यातलं सगळ्यात लाडकं द्या. लोकांनी सोनं टाकलं, हस्तिदंत टाकले. पाणी उतरेना. शेवटी राणीनं स्वतःचं तान्हं पोर पाण्यात दिलं. मग पाणघोड्यांनी पाठीला पाठ लावून पूल केला म्हणतात आणि सगळे पार झाले. पलीकडच्या काठावर राणी एवढंच बोलली, "पोर गेलं." आमच्या भाषेतल्या तिच्या त्या शब्दांवरूनच बाउले हे नाव पडलं, असं आमची माणसं सांगतात. खरं किती आणि रचलेलं किती ते मला विचारू नका. गोष्ट सांगताना बायका रडायच्या ते रडणं खरं होतं, मी समोर असायची.

नदी ओलांडल्यावर कितीतरी वर्षांनी तिकडच्या एका ओतकाम करणाऱ्यानं मला मेणात घडवलं, वर माती लिंपली, मेण वितळवून काढलं आणि पितळ ओतलं. त्यानं पोर माझ्या पाठीवरच ठेवलं. नदीच्या आधीची बाई केली त्यानं. फार मायेचा माणूस असला पाहिजे.

पुढं परक्या सरकारची नाणी आली आणि आमची गरज संपली. माझी भावंडं बाजारात मांडली गेली, गोरे पाहुणे ती पिशवीत घालून घेऊन गेले. मी वाचले, कारण माझ्या घरच्या एका म्हातारीनं मला भाताच्या मडक्यात लपवलं. त्या घराची रीत होती. मुलगी बोलायला लागली की मला समोर ठेवून तिला सगळं सांगायचं. कुठून निघालो, कुठं थांबलो, कोण वाटेत गेलं, कोण नव्यानं मिळालं.

ती रीत पाळणारी शेवटची अफुए आजी. बुआके नावाच्या शहरात तिचं घर. तिची एकुलती एक नात वाळवंट ओलांडून युरोपला जाते म्हणून गेली, ती गेलीच. चार वर्षं झाली, ना पत्र ना फोन. आजी मला पुसून परत बांधून ठेवायची. सांगायचं कुणाला?

त्याच घरात ऋषिराज भाड्यानं राहायला आला. या गावचा, हंबीररावांचा मुलगा. या भागातली माणसं गलाईच्या कामानं सगळीकडं पांगलीत हे तुम्हाला ठाऊक असेल. सोनं वितळवायचं, त्यातली भेसळ काढायची, शुद्ध करून द्यायचं. कोइमतूर म्हणू नका, बनारस म्हणू नका, जिथं सोनार तिथं विट्याकडचा गलाईवाला. हंबीररावांनी तीस वर्षं मदुराईत काढली. पोरगा त्यांच्याही पुढं गेला, थेट समुद्रापार.

पोरगा गोड होता. फ्रेंच धड येत नव्हतं, बाउले त्याहून कमी, पण तोंड बंद नाही. आजीनं एकदा विचारलं, गाव का सोडलंस? तो म्हणाला, आमच्या आज्याच्या वक्ताला पाणी न्हवतं. आजी हसून म्हणाली, आमचंही पाण्यापाशीच अडलं, फक्त आमचं जास्त होतं. आणि त्या दिवशी तिनं मला मडक्यातून काढून त्याच्यासमोर ठेवलं. मुलगी नाही, रक्ताचा नाही, तरी सांगितलं. नदीपाशी आल्यावर ऋषिराज म्हणाला, "बास, म्हातारे, बास. मला माझी सृष्टी आठवती." सृष्टी त्याची लेक, पाच वर्षांची.

मग त्याला ताप आला. तिकडचा हिवताप वाईट. अकरा दिवस आजी दवाखान्यात उशाशी बसली, चमच्यानं पेज घातली. बाराव्या दिवशी तो गेला.

सामान भरताना आजीनं मला फडक्यात बांधून त्याच्या पिशवीत ठेवलं आणि सिद्धूला बजावलं. सिद्धू शेजारच्या गावचा, ऋषिराजबरोबर एकाच गलाईच्या दुकानात कामाला. ती म्हणाली, "हिला त्याच्या आईबापाच्या घरी जाऊ दे. तो कुणाच्या घरी होता ते त्यांना कळू दे. मग परत मागव." सिद्धूनं ते फोनवर सांगितलंही. पण दारात शवपेटी आलेली, बायका रडताहेत, कोण काय ऐकणार? हंबीरराव नुसते "व्हय, व्हय" म्हणत राहिले.

कार्य उरकल्यावर त्यांनी पिशवी उघडली. फडक्यातून मी निघाले. पिवळा धमक रंग बघून म्हाताऱ्याचे हात आपोआप कामाला लागले. कसोटीवर घासलं. वर तेजाबाचा थेंब टाकला. हिरवा फेस आला.

"पितळ हाय!" ते ओरडले. "दीपमाला, हे बघ! पोराला सोनं म्हणून पितळ गळ्यात मारलं त्यांनी. त्येच्याच झुरणीनं गेलं माझं लेकरू."

दीपमाला म्हणजे ऋषिराजची बायको. ती म्हणाली, "आबा, ह्यांला सोनं कळत न्हवतं व्हय? तुमच्या हाताखाली शिकल्यालं."

पण बापाला राग पाहिजे होता. रागावर माणूस उभा राहतो, नाहीतर कोसळतो. पितळातही कुठं सोन्याचा कस आहे का ते बघायला त्यांनी छिन्नी लावली आणि सगळ्यात सोयीचा, बाहेर आलेला तुकडा उडवला. माझं पोर. छोट्या मुशीत टाकून वितळवलं. गोळी निघाली हरभऱ्याएवढी.

नदीनं निदान मागितलं तरी होतं हो. इथं कुणी विचारलंसुद्धा नाही. मला इतका संताप आला होता की त्या म्हाताऱ्याचं वाटोळं होवो असं मी म्हणाले. मग त्यांच्या डोळ्यांकडं लक्ष गेलं आणि शब्द मागं घेतला. त्याचंही पोर गेलं होतं.

महिनाभर त्यांनी गावभर सांगितलं, काळ्यांनी फसवून पोरगं मारलं. आणि काल सिद्धूचा फोन आला. दीपमालानं आवाज मोठा करून ठेवला.

"वैनी, ती पितळंची बाई हाय न्हवं जपून? म्हातारी गेली गं. तिकडं लगीच माती देत न्हाईत, पावणं गोळा व्हायला टाइम लागतोय. तवर ती बाई पायजे म्हणत्यात. सोनं तोलायचं जुनं वजन हाय ती, तिच्यासमोर त्यांची समदी कुळकथा सांगायची असती. आमच्यातला एकजण उद्या दुपारच्यानं मुंबैला निघतोय, तिथनं इकडं. त्येच्याजवळ द्या." मग म्हणाला, "आबा, तुमाला सांगितलं हुतं मी. म्हातारीनं अकरा दिस घास भरवला ऋषीला. आमी दुकान सोडून जाऊ शकलो न्हाई. ती बसली."

हंबीररावांनी मला उचलून समोर ठेवलं आणि खाली बसले. दीपमालानं शब्दानं टोचलं नाही, हे तिचं मोठेपण.

"हरावली म्हणून सांगूया का?" हंबीरराव म्हणाले.

"न्हाई आबा. हाय तशी द्यायची."

"तुटकी?"

"तुटकी तर तुटकी. न्हाईतर सोनाराकडनं डाख लावून जोडून आणू."

"डाख कशाला लावतीस? गोळी झालीया त्येची." म्हाताऱ्यानं कपाळाला हात लावला. आणि मग एकदम ताठ बसले. मला त्यांचा तो चेहरा आवडला नाही. "मी गलाईवाला हाय. तीस वरसात गिऱ्हाइकाचा माल गुंजभर कमी न्हाई दिला परत. हिचं तुकडं करून कसं धाडू? दोनी एका मुशीत घालतो. लेकरू आईत मिसळंल. आल्यालं वजन पुरं परत जाईल."

ऐकलंत? वाईट माणूस असता तर मी एवढी घाबरले नसते. हा मनापासून प्रायश्चित्त घ्यायला निघालाय. जन्मभर त्याच्यापुढं बांगडी आली, मंगळसूत्र आलं, देवाचा टाक आला. त्यानं आकार कधी बघितलाच नाही. धातू किती आणि कस किती. त्याच्या लेखी पुरं वजन म्हणजे पुरी इमानदारी.

"आबा, तिचं नाक-डोळं जात्याल की," दीपमाला म्हणाली.

"वजनच हाय म्हणतोय न्हवं सिद्धू? मग वजन भरलं म्हंजी झालं."

तिला ते पटलेलं नाही. सकाळपासून ती सिद्धूला फोन लावतेय, लागत नाही. आता रेंज मिळते का बघायला माळावर गेली आहे. एक वाजता त्या मुंबईला निघालेल्या माणसाची गाडी यायची आहे. हंबीररावांनी धातू वितळवताना घालायचा टाकणखार काढून ठेवलाय, सांडशी पुसलीय. गोळी मुशीत पडलीसुद्धा. आणि मी त्यांच्या तळहातावर आहे.

आत्ता त्यांचा अंगठा माझ्या पायाखालून फिरला. तिथं बारीक रेघा आहेत. त्यांना वाटलं, कुणीतरी आधीच घासून बघितलंय. हंबीरराव, चष्मा लावा हो! घासल्याच्या नाहीत त्या. घरात येऊन आपलं झालेल्या एकेका माणसाची एकेक रेघ आहे. मला घडवल्यापासून आजवर बावीस माणसं. शेवटची रेघ ताजी आहे, अजून काळवंडलेली नाही. अफुए आजीनं शवपेटी निघायच्या आदल्या दिवशी सुईनं ओढली ती, आणि ओढताना नाव घेतलं. बाउले जिथं जिथं आपलं येणं-जाणं सांगतील, तिथं तुमच्या ऋषिराजचं नाव घेतलं जाणार आहे. आजीच्या बहिणी रेघा मोजतील आणि विचारतील, ही कुणाची? सिद्धू सांगेल.

मला वितळवाल तर पहिल्यांदा तीच जाईल, सगळ्यात उथळ आहे ती.

भट्टी लाल झाली. माझा आवाज या माणसाला ऐकू जात नाही. तुम्हाला जातोय ना? मग नुसते वाचत काय बसलाय? माळावर दीपमाला आहे, तिला हाक मारा. जोरात मारा!