तळाची पाचर

कपाटाची ऑर्डर दिलेल्या बाईंच्या घराचा जिना अरुंद आणि कपाट रुंद. वर न्यायचं तर खोलूनच न्यावं लागणार, हे धाकट्याला मापं घेतानाच कळलं होतं. थोरल्याला कळायचा प्रश्नच नव्हता. तो मापं घेत नसे, ऑर्डर घेत असे.

वडिलांमागे सुतारकामाचा कारखाना दोघा भावांचा. धाकटा मागच्या शेडमध्ये रंधा मारी, थोरला पुढे खुर्चीत बसून बोले. मागे एका गिऱ्हाइकाने धाकट्याने घडवलेल्या पाळण्यावरून हात फिरवत विचारलं, कुणाचं काम हे? थोरला म्हणाला, माझंच. धाकटा चहाचे कप घेऊन शेजारीच उभा होता. बायकोने समजावलं, जाऊ द्या, देव बघतोय. तो म्हणाला, देव बघतो गं, गिऱ्हाईक कुठे बघतं?

म्हणून त्याने हे कपाट जीव ओतून केलं. एकाच सागाच्या फळ्या अशा जुळवल्या, की एका दारावरची रेघ दुसऱ्या दारावर वाहत जावी. खिळा एकही नाही. सगळा सांगाडा धरणारी एकच पाचर, वडिलांच्या पद्धतीने तळाशी लपवलेली. वडील ती पद्धत दोघांना शिकवायला बसले, तेव्हा थोरला मध्येच गप्पा मारायला उठून गेला होता.

आता तोच थोरला जिन्यापाशी गुडघे टेकून कपाट चाचपत होता. हे मी स्वतः घडवलंय, असं बाईंना आधीच सांगून बसला होता. पट्टी ओढून झाली, बाजू ठोकून झाल्या. पोर बापाला ओळख देईना बघ, एक हमाल दुसऱ्याला म्हणाला. बाईंनी हसू दाबलं.

थोरल्याने हातोडी उचलली. एक घाव बसला असता तर दार उभं चिरलं असतं. तरी धाकटा जागचा हलला नाही.

"अरे, खोल ना," थोरला दबक्या आवाजात म्हणाला.

"ज्याने केलंय त्याने खोलावं."

हातोडी हळूहळू खाली आली. "यानेच केलंय," थोरला फरशीकडे बघत पुटपुटला.

"मोठ्याने, दादा. बाईंना ऐकू गेलं नाही."

"माझ्या धाकट्या भावाने केलंय."

धाकटा वाकला. तळाशी हात घालून त्याने पाचरीवर अंगठा ठेवला, आणि तसाच थांबला.

"आणि तो पाळणा?"