दूध आटू नये म्हणून

वॉर्डातल्या शेवटच्या खाटेवर चिमणी भिंतीकडे तोंड करून बसली होती. सासूच्या मांडीवर कालच जन्मलेलं पोर रडून लालबुंद झालं होतं.

"आली बघ तुझी ताई," सासू म्हणाली. "सांग तिला, कुठे शेण खाल्लंस ते."

ताई स्टुलावर टेकली. एचआयव्हीच्या नव्या लशीच्या चाचणीत ती समुपदेशक होती. चिमणीला सगळं समजावून तिची सही तिनेच घेतली होती. लशीमुळे पुढे साधी तपासणी उगाच 'बाधित' दाखवू शकते, तसं झालं तर फोन करा, आमच्याकडे वेगळी तपासणी आहे, हेही तिनेच सांगितलं होतं. मग चाचणी संपली, केंद्राला कुलूप लागलं, ताई दुसरीकडे कामाला लागली. नंबर मात्र तिने बदलला नव्हता. आज सकाळी तो वाजला. इथली तपासणी 'बाधित' आली होती, आणि सिस्टरने बाळाला अंगावर पाजायला मनाई केली होती.

घरी चिमणीने चाचणीचं अवाक्षर काढलं नव्हतं. ताई तिच्याकडे वाकली. "सांगू?"

चिमणीने होकारार्थी मान हलवली.

ताईने सांगितलं. सासूने कपाळावर हात मारला. "म्हणजे रोग टोचून घेतला बयेने!"

"नाही हो काकू. लशीत रोग नसतो. लस अंगात पहारेकरी उभे करते. साधी तपासणी चोर बघत नाही, पहारेकरी दिसले की चोर आला म्हणते."

"मग चोर आलाच नाही, असं सिस्टरला सांग आणि पोराला पाजू दे. घसा सुकला त्याचा."

ताईच्या ओठांवर 'हो' आलं होतं. चिमणीही आता वळून तिच्याकडे बघत होती. पण चाचणीत निम्म्या बायकांना लस मिळाली होती आणि निम्म्यांना नुसतं पाणी. कुणाला काय, ते गुप्त ठेवलेलं; चिमणीच्या वाट्याला काय आलं, ते ताईलाही ठाऊक नव्हतं. पाणी असेल तर हे पहारेकरी आले कुठून?

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

"वा! टोचताना सगळं माहीत होतं."

ताईने बाहेर जाऊन चाचणीच्या जुन्या साहेबांना फोन लावला.

"अहो, प्रकल्प बंद झालाय," साहेब म्हणाले. "मेल टाका, समितीपुढे ठेवतो."

"बाळाला मेल पाजू का, सर?"

मग साहेब म्हणाले, "थेट विषाणू शोधणारं यंत्र मुख्य प्रयोगशाळेत आहे. पण नमुना आणणार कोण?"

"मी. तुम्ही फक्त दार उघडं ठेवा."

सिस्टरने चिमणीचं रक्त काढून दिलं. ताईने बर्फाचा डबा काखेत घेतला. सासू वाटीतलं पावडरचं दूध चमच्याने बाळाला पाजत होती. अर्धं हनुवटीवरून ओघळत होतं. चिमणीचा ब्लाउज छातीवर ओला झाला होता.

"दूध पिळून काढत राहा," ताई म्हणाली. "नाहीतर आटेल."

"काढून काय करू?"

"तूर्तास... टाकून दे."

चिमणी पुन्हा भिंतीकडे वळली. सासूनेच बाळाला खाटेवर ठेवलं, रिकामी वाटी विसळून सुनेच्या हातात दिली आणि पदराचा आडोसा धरला.

"उत्तर फोनवर सांगू नकोस," ती ताईकडे न बघता म्हणाली. "काहीही असो. तूच ये."