मधात बुडालेली बोटं

"ये गं उन्हात, हाडं शेकून घे!" लहानपणी गच्चीवरून येणारी आईची हाक तिच्या कानात अजून ताजी होती. म्हणूनच सातव्या महिन्याचं पोट सावरत ती सासूबाईंबरोबर उन्हाने आजार बरे करणाऱ्या किरणगुरूच्या सभागृहात शिरली, तेव्हा तिला परकं वाटलं नाही.

तिच्यासारख्याच साखर वाढलेल्या पोटुश्या बायकांची ही दाटी! गुरू प्रत्येकीची बोटं मधाच्या वाडग्यात बुडवी. "सूर्याला गोडवा अर्पण करा!" मग एकाच कळकट फडक्याने बोटं पुसून टोचायची, यंत्रावर साखर मोजायची. आकडा आभाळाला! मग 'किरणजला'ने हात धुऊन पुन्हा टोचायचं. आकडा निम्म्यावर!

"इन्सुलिन विष आहे, पोरींनो! तुमच्यात कमी आहे ते फक्त ड जीवनसत्त्व. मी ऊनच बाटलीत भरलंय!"

वाडग्यात माशी तरंगत होती. तिने ती पाहिली, पण आकडा तर डोळ्यांदेखत उतरला होता. सासूबाईंनी घरी येताच तिच्या इन्सुलिनच्या सुया कचऱ्यात टाकल्या.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. "साखर भडकलीय. बाळ नको तितकं वाढतंय. हे असंच चाललं तर बाळाच्या जिवावर बेतेल." तिने रडत सगळं सांगितलं.

डॉक्टरीणबाई तिला आणि सासूबाईंना घेऊन थेट सभागृहात आल्या. "मला मधुमेह नाही. माझी मोजा."

"तुमची श्रद्धा नाही, बाई."

"यंत्राला तरी कुठे असते?"

त्यांनी स्वतःच मोजली: ठीक. बोट मधात बुडवून, त्याच फडक्याने पुसून मोजली: तिप्पट! साध्या नळाखाली साबणाने हात धुतले: पुन्हा ठीक.

"रक्त तेच आहे, बायांनो. यंत्राने बोटावरचा मध मोजला. ड जीवनसत्त्व कमी असलेल्यांत गरोदरपणातला हा मधुमेह जास्त दिसतो, हे खरं. ते तपासा, गोळी घ्या. पण ते इन्सुलिनची जागा घेत नाही. चमत्कार दिसला, की आधी हात धुऊन पुन्हा मोजा!"

गुरू मागच्या दाराने सटकला. फडकं तेवढं राहिलं, माशांनी काळं झालेलं.

सासूबाई पायरीवरच बसल्या. "तुझ्या नवऱ्याच्या आधी एक होता गं. असाच दांडगा. जन्मला, पण रडलाच नाही. मलाही साखर होती. डॉक्टर सुया घे म्हणत होते, मी मंतरलेलं पाणी पीत बसले. तुझ्या सुया दिसल्या की तो दिसायचा, सुयांनी तो वाचला असता हे सोसवेना, म्हणून फेकल्या. हे कुणालाच सांगितलं नव्हतं मी."