'इनफ्लेमेबल'मधला 'इन'

मित्रांनो, मी एक जुना उपसर्ग आहे. उपसर्ग म्हणजे शब्दाच्या आधी जोडलेला तुकडा. तुमच्या 'प्रगती'मधला 'प्र' जसा, तसा मी 'इन'. माझा जन्म लॅटिन भाषेत झाला. माझा अर्थ साधा आहे: आत. इन्स्पेक्टर म्हणजे आत डोकावून पाहणारा. इंजेक्शन म्हणजे आत सोडलेले औषध. कचेरीत, दवाखान्यात मी शतकानुशतके राबतो आहे. कुणी माझी विचारपूस केली नाही, त्याचे मला काही वाटत नाही.

मला राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. माझ्याच नावाचा, हुबेहूब माझ्यासारखा दिसणारा आणखी एक उपसर्ग लॅटिनमध्ये आहे. त्याचा अर्थ 'नाही'. इन्करेक्ट, इन्कम्प्लीट हे शब्द त्याचे. तुमच्या 'अनावश्यक'मधला 'अन्' त्याचा दूरचा नातलग लागतो. चेहरा एक, पण आम्ही दोघे वेगळे. हे ज्यांनी सांगायला हवे होते, त्यांनी सांगितले नाही. त्यापायी काय घडले ते ऐका.

साल १९९८. हुबळीच्या गोकुळ रोडवर मुकुंदरावांचा पंपांचे सुटे भाग बनवण्याचा छोटा कारखाना होता. सामानाची खोली भारती सांभाळत असे. अळणावरजवळच्या एका खेड्यातली ही शेतकऱ्याची मुलगी. धारवाडला सप्तापुरात जयतीर्थ सरांची शिकवणी लावून ती पीयूसी, म्हणजे तिकडची बारावी, पास झाली होती. सरांच्या नोट्समध्ये ठळक अक्षरांत एक नियम होता: 'इन लागला की अर्थ उलटा.' तिने तो पाठ केला होता.

एका सकाळी कारखान्यात लोखंडी भाग धुण्याच्या नव्या द्रावणाचे पिंप आले. लेबलावरचे ज्वाळेचे चित्र वाटेत फाटून गेले होते. उरला होता एकच शब्द.

"भारती, इंग्लिशमध्ये काय लिहिलंय बघ गं," मुकुंदराव म्हणाले.

"इनफ्लेमेबल, साहेब. फ्लेम म्हणजे ज्वाळा. इन म्हणजे नाही. पेट न घेणारं."

"मग वेल्डिंगच्या बाजूला ठेवा. तिथं जागा आहे."

अहो, त्या शब्दात मी होतो, मी! 'ज्वाळा आत शिरू देणारे, चटकन पेटणारे' असे मी सांगत होतो. पण छापील अक्षराला ओरडता येत नाही.

दुपारी कारखान्याचे वेल्डर पुंडलिकअण्णा यांच्या वेल्डिंगची ठिणगी उडाली. पिंपाचे झाकण सैल होते. मोठा भडका झाला. "बेंकी! बेंकी!" असे कन्नडमध्ये 'आग, आग' ओरडत माणसे बाहेर पळाली. भारती मात्र वाळूची बादली घेऊन आत धावली. तिने अण्णांच्या पेटलेल्या बाहीवर वाळू ओतली आणि त्यांना ओढत दाराबाहेर आणले. त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता.

दुसऱ्या दिवशी मुकुंदरावांनी तिला दारातच अडवले. "तुझ्यामुळं झालं हे. उद्यापासून येऊ नकोस." आणि शेजारच्या कारखानदाराला म्हणाले, "ते इंग्लिशच असलं. कशाला तो इन लावतात!"

माझ्यावर खापर! पिंपासोबत सूचनांचा कागद आला होता. त्यात सगळे स्पष्ट लिहिले होते. तो मुकुंदरावांच्या टेबलाच्या खणात घडीसुद्धा न मोडता पडून होता.

भारतीने वाचनालयात शब्दकोश उघडला. तिथे आम्ही दोघेही तिला सापडलो. ती तडक सप्तापुरात गेली आणि नोट्सचे ते पान तिने सरांपुढे ठेवले.

सर म्हणाले, "परीक्षेत एवढंच विचारतात गं. दुसरा 'इन'ही सांगत बसलो तर मुलं गोंधळतात."

"सर, मी गोंधळले असते तर बरं झालं असतं. कुणाला तरी विचारलं असतं."

संध्याकाळी सर तिच्यासोबत अण्णांना भेटायला दवाखान्यात आले. मुकुंदरावही तिथेच होते. अण्णा त्यांना म्हणाले, "तिनं वाचलं ते चुकलं. पण पिंपासोबतचा कागद तुम्ही माझ्यासमोरच खणात टाकलात, साहेब. आणि मला आगीतनं काढलं तिनंच. ती कामावर नाही तर मीही नाही."

अण्णांसारखा वेल्डर मिळणे सोपे नव्हते. मुकुंदरावांनी भारतीला परत बोलावले, पण चूक काही कबूल केली नाही. भारतीने पहिल्याच दिवशी लाल रंगाचा डबा घेतला आणि प्रत्येक पिंपावर कन्नडमध्ये व मराठीत लिहिले: 'आग लागते. लांब ठेवा.'

सरांनी नोट्स दुरुस्त केल्या. तरीही २००५ सालापर्यंत जुन्या नोट्सच्या झेरॉक्स सप्तापूरच्या दुकानांत खपत होत्या, त्याच ठळक नियमासकट!

मित्रांनो, मला विसरलात तरी चालेल. पण अर्धे शिकवून कुणाला कामाला धाडू नका, आणि अर्धे कळले असेल तर विचारायला लाजू नका. पुंडलिकअण्णांच्या उजव्या हाताची दोन बोटे आजही मिटत नाहीत.