शून्य अँपिअरची मशीन

ताडकळसमध्ये सिद्धोधन सर दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होते. एक, ते बारावीला फिजिक्स शिकवत. दुसरी, कुणी काही विचारलं नाही तरी ते उत्तर देत. ही दुसरी गोष्ट त्यांना स्वतःलाही मान्य होती, फक्त बोलून झाल्यावर.

मार्चमध्ये त्यांनी नांदेडहून एक जुनी मायनिंग मशीन आणली. लोखंडी मांडणीवर सहा ग्राफिक्स कार्डं आणि प्रत्येकाला दोन-दोन पंखे. ही कार्डं अखंड गणितं सोडवत बसतात आणि त्याच्या बदल्यात इंटरनेटवरचं नाणं पदरात पडतं, असं त्यांनी घरी समजावलं. पंचायत समितीत क्लार्क असलेल्या त्यांच्या बायकोने, रेणुकाने, एकच विचारलं, "लाइट किती खाते?"

उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं सर म्हणाले, "मिक्सरएवढी. पाचशे चाळीस वॅट. स्क्रीनवरच लिहून येतंय."

"आन आबांचा कूलर?"

"त्याला धक्काबी लागणार न्हाई."

शेजारच्या खोलीत खाटेवर बसलेल्या आबांनी मान डोलावली. सरांचे वडील लिंबाजी म्हणजेच आबा. गुत्तेदाराच्या हाताखाली खडी फोडून त्यांनी या पोराला एम.एस्सी. केलं होतं. पोराच्या तोंडून वॅट नाहीतर व्होल्ट आलं, की त्यांच्यासाठी विषय संपायचा.

मे उजाडला आणि रेणुकाने विषय परत काढला. "मशीन लावली की पंखा मंदावतो. तुमी एकदा मोजाच. सांगितल्यापेक्षा जास्त निघालं तर ती घरात ऱ्हाणार न्हाई."

सरांनी छाती पुढे काढून शर्त कबूल केली, पण मशीन त्यांना घालवायची नव्हती. नाण्यांचं त्यांना फारसं काही नव्हतं. मशीन आल्यापासून स्टाफरूममध्ये इंग्रजीचे प्राध्यापकसुद्धा त्यांच्याशेजारी खुर्ची ओढून बसत. मशीन गेली असती तर सर पुन्हा नुसते सर झाले असते.

मेहुणी संघप्रिया पूर्णेला वीज खात्यात होती. तिने आपला क्लॅम्प मीटर देऊन ठेवला. चिमट्यासारखं तोंड असलेलं ते यंत्र; त्या तोंडात वायर धरली की आतून किती करंट जातोय ते दिसतं. रविवारी दुपारी सरांनी सहाही कार्डं पूर्ण जोरात चालवली आणि मशीनची जाड केबल चिमट्यात धरली. आकडा आला शून्य.

खरं तर फिजिक्सच्या मास्तराने इथे थांबायला हवं होतं. पण मनासारखं उत्तर आलं की सर पडताळा घेत नसत. विद्यार्थ्यांचे मार्क मात्र ते नेमके त्यासाठीच कापत. त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून आवाज दिला, "रेणुका, शून्य! मीटरला दिसंनासुद्धा, इतकी कमी खायलीय!"

"शून्य खातीय?" भाकरी थापता थापता रेणुका म्हणाली. "मंग प्लग काढून चालवा की."

सरांनी संघप्रियाला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "दाजी, केबल आख्खीच धरली का? एका वायरीतून करंट जातो, दुसरीतून माघारी येतो. दोन्ही सोबत धरल्या की बेरीज शून्यच येते."

हे सर चौदा वर्षं फळ्यावर शिकवत होते, दोन रंगांच्या खडूंनी, बाण काढून. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि दिवा सरकारमान्य होता.

त्यांनी मशीन बंद करून केबलचं वरचं आवरण चिरलं, आतली एकच वायर चिमट्यात धरली आणि मशीन पुन्हा चालू केली. पाच पॉइंट चार अँपिअर. दुपारचं व्होल्टेज दोनशे. म्हणजे एक हजार ऐंशी वॅट, बरोबर दुप्पट! सरांचा विश्वास बसेना. त्यांनी एकेक कार्ड बंद करून फरक लिहून काढला. स्क्रीन एका कार्डाला नव्वद म्हणत होती, मीटर दीडशेच्या वर सांगत होता. स्क्रीनवर फक्त चिपचा आकडा येत होता. कार्डाची मेमरी, पंखे, पॉवर सप्लायमध्ये वाया जाणारी वीज, यातलं काहीच तिने धरलं नव्हतं. आणि सरांनी विचारलं नव्हतं.

मग त्यांना दुसरंच काही खटकलं. या खोलीला आणि आबांच्या खोलीला मिळून सहा अँपिअरचा एकच खटका होता, जास्त भार आला की आपोआप पडणारा. मशीन, दोन पंखे आणि आबांचा कूलर मिळून सातच्या पुढे जात होते. खटका रोज पडायला हवा होता. पण महिनाभरात तो पडलेला त्यांनी एकदाही पाहिला नव्हता. आपलंच गणित परत चुकलं, असं धरून सर पडताळा घ्यायला आबांच्या खोलीत गेले.

कूलरची टाकी कोरडी होती. प्लग काढून वायर नीट गुंडाळून ठेवलेली होती. खोली भट्टीसारखी तापली होती आणि आबा घरात नव्हते.

आबा विहारात होते. महिनाभर ते जेवण झालं की विहारात जात आणि ऊन उतरल्यावर परतत. उतारवयात आबांना धम्माची गोडी लागली, असं सरांनी स्टाफरूममध्ये कौतुकाने सांगितलंही होतं. आता ते तसेच अनवाणी विहाराकडे निघाले. आबा फरशीवर उशाला टॉवेल घेऊन पडले होते.

"आबा, कूलर का लावत न्हाईत?"

"बिघडलाय त्यो," आबा उठून बसत म्हणाले. "लावला त्या पयल्याच दिशी दोन डाव खटका पडला. तू कालेजात व्हतास, म्याच वर केला. मशीनमुळं कूलरला धक्काबी लागणार न्हाई म्हणलास तू. मंग कूलरच खराब आसंल."

"मला सांगायचं न्हाई का?"

"तू लगेच नवा आणला आसतास. म्हणलं ऱ्हाऊ दे, हितली फरशी गार हाय."

सरांना रडू आलं. डोळ्यांसमोर दिसत असलेला खटका या माणसाने खोटा मानला होता, आणि पोराचा शब्द खरा. त्यांनी आबांना घरी आणलं. येताच मशीनचा प्लग उपसला, चार बादल्या पाणी ओतून कूलर लावला. गार वारा सुटला.

"झाला की नीट!" आबा हरखून म्हणाले. "शिकलेलं माणूस घरात आसलं की आसं आसतंय."

हे शब्द झेलून गप्प बसणं फार सोपं होतं. सरांनी आयुष्यात पहिल्यांदाच न विचारलेलं खरं उत्तर दिलं. "कूलर चांगलाच व्हता, आबा. मी आकडा चुकीचा सांगितला. मशीन दुप्पट खातीय. उद्याच इकून टाकतो."

आबांनी कूलरच्या वाऱ्याकडे तोंड केलं. मग म्हणाले, "इक. पर घेणाऱ्याला खरा आकडा सांग. त्याच्याबी घरी कुणी म्हातारं आसंल."