गाळलेली चित्रं

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पोलीस साहेबाला घाई असते. "ताई, सरळ आहे हो. पोरगा अंगावर धावून आला, शिपायाने गोळी झाडली. दिसतंय तसं लिहा आणि मोकळ्या व्हा." मोकळ्या व्हा म्हणे! फिल्म तपासायची म्हणजे काय भाजी निवडायची आहे?

या साहेबांनी आणलेल्या नकलेत दिसत होतं मात्र तसंच. औषधांच्या दुकानावरच्या कॅमेऱ्याने टिपलेलं. पोरगा भिंतीकडे तोंड करून उभा, आणि एका झटक्यात शिपायाच्या अंगावर वळलेला. गोळी. पडला, तो निपचितच. पण पाटीवरचा लुकलुकणारा दिवा मला खटकला. एका लयीत लुकलुकायचा तो दिवा मधेमधे अडखळत होता. म्हटलं, पाणी मुरतंय कुठेतरी.

दुकानातून चित्रण साठवणारं मूळ यंत्रच उचलून आणलं. साहेबांच्या माणसाने नक्कल करताना फाइल लहान व्हावी म्हणून भलतंच बटण दाबलं होतं. हालचाल कमी असेल तिथली चित्रं सरळ गाळली गेली होती. मूळ फिल्ममध्ये पोरगा सावकाश वळत होता, दोन्ही तळवे उघडे, जागचा हललाही नव्हता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबांना फोनवर नको नको ते बोलले.

अहवाल कोर्टात जाण्याआधी तो घरच्यांना दाखवायचा, असा आमचा नियम. पोराची आई एकटीच आली. साहेबांकडची नक्कल तिने आधी पाहिली होती.

"माझं पोर कुणाच्या अंगावर जाणारं नव्हतं हो, ताई," ती म्हणाली. "पण जागच्या जागी गेला, त्रास झाला नाही. तेवढाच जिवाला आधार."

गाळलेली चित्रं नुसती वळतानाची नव्हती.

"मावशी, तो धावला नव्हता, हे मी लिहिलंय. तेवढंच बघा. पुढचं राहू द्या."

"माझं लेकरू आहे. सगळं लावा."

लावलं. तो वळताना पाहून ती एकदम ताठ बसली. "बघा! सांगत होते ना मी? गरीब गाय हो ती!" मग तो पडला. त्याची बोटं हलत राहिली, कुणाला तरी जवळ बोलावल्यासारखी. खूप वेळ. शिपाई शेजारी उभा होता. कुणीच वाकलं नाही.

तिने पडद्यावर, त्या बोटांवर, आपला हात ठेवला. बोटं थांबली तरी काढला नाही. मला रडू आवरेना. ती मात्र कोरडीच.

"कोर्टात हीच द्या," शेवटी ती म्हणाली. "पण ताई, आता ती पहिली लावा ना एकदा. त्यात तो लवकर जातो."

ज्या नकलेवर मी इतकी आगपाखड केली होती, ती मी मुकाट्याने लावली.